दोनशे माणसांपुरता लॅपटॉप

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी रात्री साडेअकराला मामेभावाचा फोन आला. तो कराडला मेकॅनिकल डिप्लोमा करतो, हॉस्टेलवर राहतो. आवाज अगदी खालचा. "दादा, मला दुसरा लॅपटॉप लागतोय. माझ्यामुळे सगळ्यांचा गेम अडतोय."

गेम म्हणजे एज ऑफ एम्पायर्स २. १९९९ साली आलेला, म्हणजे या पोराच्या जन्माआधीचा. हॉस्टेलवर सहा-सात जण मिळून त्याची २०१९ ची नवी आवृत्ती खेळतात. गावकरी जन्माला घाला, लाकूड तोडा, शेती करा, मग शेजाऱ्याच्या अंगावर सैन्य सोडा. याच्याकडचा लॅपटॉप मीच दिलेला. २०१५ साली इंजिनिअरिंगला लागताना घेतलेला, पाचव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. अर्ध्या तासाने सैन्यं मोठी झाली की तो धापा टाकायला लागतो, आणि त्याच्यासोबत सगळ्यांचा गेम संथ होतो. कुणामुळे अडतंय हे लपत नाही. मग पोरं हसतात. पुढच्या वेळी बोलवायला विसरतात.

मी लगेच तीन लिंका पाठवल्या. सगळ्यात स्वस्त पासष्ट हजारांचा. वेगळं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, आणि खाली माझं वाक्य : 'पुढची पाच वर्षं बघायला नको.'

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. त्यांची पिठाची गिरणी आहे. "घ्यायचा की मग. पतसंस्थेत बोलून ठेवलंय. तू सांगतोयस म्हंजे बरोबरच असणार."

या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडाली. आयटीत असलेल्या प्रत्येकाला नातेवाईक लॅपटॉप विचारतात आणि आपण दोन मिनिटांत उत्तर देतो, कारण पैसे आपले नसतात. आधी मी साधा प्रश्नच विचारला नव्हता : या गेमला लागतं किती?

मूळ गेमच्या खोक्यावर लिहिलेली गरज होती १६६ मेगाहर्ट्झचा पेंटियम आणि ३२ एमबी रॅम. आज ८ जीबीचा लॅपटॉप म्हणजे त्याच्या २५६ पट. नवी आवृत्तीसुद्धा किमान ४ जीबी मागते, ८ असली तर सुखाने चालते. एका बाजूची लोकसंख्या साधारण दोनशेवर थांबते, म्हणजे मशीनवरचा बोजाही कुठेतरी थांबतो. अशा गेमला प्रोसेसरचा एकेक कोअर चपळ असावा लागतो. आठ कोअर घेतले तर त्यातले बरेचसे लग्नातल्या पाहुण्यांसारखे बसून राहतात. पाच-सहा वर्षं जुना प्रोसेसर, त्याच्यातलंच ग्राफिक्स, हार्डडिस्कऐवजी एसएसडी, फुल एचडी स्क्रीन. आणि एक बरा माउस, ज्याच्याकडे कुणीच लक्ष देत नाही. टचपॅडवर सैन्य हलवून बघा, मग कळेल.

जुन्या गेमची हीच गंमत आहे. त्याची भूक ठरलेली आहे. बाकी सगळ्या सॉफ्टवेअरची भूक दरवर्षी वाढते, म्हणून आपण आजच्या गरजेपेक्षा उद्याच्या भीतीसाठी जास्त पैसे मोजतो. दुकानदार त्याला 'फ्यूचर प्रूफ' म्हणतो. आणि ती भीती तयार करणाऱ्यांत मीही आहे.

मी जिथे काम करतो तिथे आम्ही मागच्या वर्षी आमच्या ॲपसाठी जुन्या अँड्रॉइडचा आधार काढून टाकला. कारणं खरी होती : टेस्टिंगचा वेळ, सुरक्षेच्या अडचणी. ते फोन वापरणारे थोडेच होते. एका ओळीतला एक आकडा बदलायचा होता, तो मी बदलला. आठवड्याभराने एक रिव्ह्यू आला. 'काल चालत होतं. फोन तोच आहे. आज का चालत नाही?' मी तो वाचला आणि पुढे गेलो. त्याला काय उत्तर देणार? फोन बिघडलेला नव्हता. तो जुना झाला असं आम्ही एका मीटिंगमध्ये ठरवलं होतं.

आता यासमोर हे ठेवून बघा. पहिला एज ऑफ एम्पायर्स १९९७ चा. मार्क टेरानो आणि पॉल बेटनर या त्याच्या इंजिनिअरांनी नंतर एक लेख लिहिला, तो आमच्या धंद्यात अजून वाचला जातो. त्यांच्यासमोरची अट अशी होती की ९० मेगाहर्ट्झचा पेंटियम आणि २८.८ चा मोडेम असलेल्या माणसालाही आठ जणांत खेळता आलं पाहिजे. हजारो सैनिकांची जागा मोडेमवरून पाठवणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी फक्त हुकूम पाठवले : हा इकडे जा, तो तिकडे मार. प्रत्येक मशीन तेच युद्ध स्वतःच्या पोटात जसंच्या तसं लढतं. पण मग सगळ्यांनी एकाच पावलावर राहायला हवं. म्हणून खेळाची चाल सर्वात हळू मशीन आणि सर्वात हळू लाइन यांच्याप्रमाणे ठरते. त्यांचं निरीक्षण असं की, चाल थोडी संथ पण एकसारखी असेल तर खेळणारे तिला सरावतात. कधी जलद, कधी हळू झाली की वैतागतात.

म्हणजे माझ्या भावाची हॉस्टेलवर जी शोभा होत होती ती गेमची चूक नव्हती. गेम त्याच्यासाठी थांबत होता. पोरं थांबायला तयार नव्हती. (अनोळखी लोकांशी रँक्ड सामने खेळायचे तर नवी आवृत्ती आधी मशीनची चाचणी घेते आणि हजार गुण मागते. तेही पटतं. अनोळखी माणसाने माझ्यासाठी का थांबावं?)

हे सगळं मी भावाला उत्साहाने सांगितलं आणि म्हटलं, तुला वीस-पंचवीस हजारांचा सेकंडहँड लॅपटॉप पुरे. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "तुझ्याकडं दीड लाखाचा मॅक हाय की."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नीट नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे लांब अंथरूणवालाच सांगत असतो. 'पुरे' हा शब्द स्वतःच्या ताटाबद्दल वापरला तर समाधान, दुसऱ्याच्या ताटाबद्दल वापरला तर कंजुषी. पण म्हणून त्याला पासष्ट हजारांच्या कर्जाकडे ढकलणं हा काही त्याचा सन्मान नव्हता. शेवटी मी सल्ला देणं थांबवलं आणि फक्त माहिती दिली. गेमला काय लागतं, ऑटोकॅडच्या टू-डी ड्रॉइंगला काय लागतं, पुढे डिग्रीला जाऊन जड थ्री-डी काम आलं तर काय कमी पडेल. मामांनाही फोनवर तेच सांगितलं, हप्त्याच्या आकड्यासकट.

त्याने स्वतः रिफर्बिश्ड थिंकपॅड शोधले. टी४७० दोन-तीन हजारांनी स्वस्त होता आणि गेमला दोन्ही सारखेच. पण विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारतं आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टी४७० सातव्या पिढीचा, टी४८० आठव्या. एका पिढीचा फरक, आणि एक मशीन कागदोपत्री म्हातारं. कुठल्यातरी मीटिंगमध्ये कुणीतरी माझ्यासारखाच आकडा बदलला असणार. लिनक्स टाकून टी४७० चालवता आला असता, पण कॉलेजचं ऑटोकॅड विंडोजवर. त्याने टी४८० घेतला, चोवीस हजारांत, १६ जीबी रॅमसकट. माउस मी पाठवला. पतसंस्थेत जावं लागलं नाही.

महिन्याभराने त्याने मलाच खेळायला बोलावलं. तेव्हा लक्षात आलं, हा गेम माझ्या मॅकवर सरळ चालतच नाही. मग माझा तो जुना आय-थ्री त्याने एसटीच्या पार्सलने परत पाठवला. रविवारी आठ जण जमलो. पंचविसाव्या मिनिटाला माझे घोडेस्वार चिखलात चालल्यासारखे चालायला लागले आणि हेडफोनमध्ये भाऊ मोठ्याने हसला, "दादा, तुझ्यामुळं अडतंय!"

तो डाव कसाबसा संपला. दुसरा लावताना एक अनोळखी आवाज आला, हॉस्टेलवरचाच कुणीतरी मुलगा. "ए, पॉप्युलेशन शंभरवर ठेवूया रे. दादांचं मशीन जुनं आहे."