समोरचा वकील

मुंबईत वकिली करणारे डॉ. आंबेडकर १९३५ साली तिथल्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आज दिल्लीत तीस हजारी न्यायालयातल्या वकिलाला विद्यापीठात पूर्णवेळ शिकवायचे, तर सनद स्थगित ठेवावी लागते. केंद्र सरकारच्या १९७९च्या नियमांनुसार वकिली सांभाळून दिवसाला तीन तासच शिकवता येते. मग ज्या अशिलाला दुसरा वकील परवडत नाही, त्याला सोडून वर्गात जाणे म्हणजे जबाबदारीतून अंग काढून घेणे नव्हे काय?

वकिलाने एकच बाजू मांडण्यात अप्रामाणिकपणा नाही, कारण दुसरी बाजू मांडायला समोर वकील असतो आणि तोलायला न्यायाधीश. वर्गात शिक्षकासमोर हरकत घेणारे कोणी नसते. तिथे समोरच्या वकिलाचे कामही त्यालाच करावे लागते, तितक्याच ताकदीने. ही जबाबदारी कमी नाही.

तरीही अशिलाचे देणे उरतेच. २००८च्या नियमांनी प्रत्येक विधी महाविद्यालयाला विधी साहाय्य केंद्र चालवणे बंधनकारक केले आहे. ते केंद्र नुसत्या पाटीपुरते राहिले, तर सनद ठेवणाऱ्याने अशिलाला खरोखरच सोडले असे म्हणावे लागेल. विद्यार्थ्यांना घेऊन तो तिथे रोज बसला, तर त्याने फक्त जागा बदलली.