आयोवात काय राहतं

निवांत बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू द्या. आज मन एका सपाट प्रदेशाकडे न्यायचं आहे आणि सपाटीकडे बघायला वेळ द्यावा लागतो. डोंगराचं बरं असतं, तो आपणहून डोळ्यांत भरतो.

अमेरिकेच्या नकाशात मधोमध दोन मोठ्या नद्या शोधा. पूर्वेला मिसिसिपी, पश्चिमेला मिझुरी. त्यांच्यामधला प्रदेश म्हणजे आयोवा. 1846 साली राज्य झालेला, आज जेमतेम 32 लाख वस्तीचा. आता थोडं वरून बघा. खाली चौकोनच चौकोन दिसतील. मैलभर लांब, मैलभर रुंद, 640 एकरांचा एकेक चौकोन आणि कडेने सरळसोट रस्ता. ओढ्यांची वळणं न जुमानता मोजणीदारांनी एकोणिसाव्या शतकात आखलेल्या या रेघा. नजर त्यांवरून सावकाश फिरू द्या आणि मनाशी एकच प्रश्न धरा: इथून काय काय जातं आणि इथे काय राहतं?

सुरुवात मातीपासून करू. शेवटच्या हिमयुगात बर्फाचा एक लोंढा आज डे मॉइन ही राजधानी आहे तिथवर येऊन थांबला होता. तो वितळला, दळलेला खडक मागे राहिला. त्यावर गवत आलं. पुरुषभर उंचीचं, काही जातींची मुळं आठ-दहा फूट खोल जाणारी. दरवर्षी त्यातली काही मुळं मरायची, कुजायची, नवी यायची. वणवे लागायचे, बायसन चरून जायचे, गवत पुन्हा फुटायचं. हजारो वर्षं एवढंच चाललं होतं. त्या मातीत हात घातल्याची कल्पना करा. मनगट बुडालं, कोपराजवळ आलात, तरी काळी, भुसभुशीत, गार मातीच. इथे काही क्षण थांबा, पुढे जायची घाई नको.

हे गवत राज्याच्या चार पंचमांशाहून जास्त भूभागावर होतं. आज त्याचा हजारावा हिस्साही उरलेला नाही. जे उरलं ते नांगराला जिथे शिरता आलं नाही तिथे: रेल्वेच्या कडेला, उतारांवर आणि पहिल्या वसाहतवाल्यांच्या जुन्या दफनभूमींत. अशाच एखाद्या गवताळ तुकड्याच्या कुंपणाशी उभे राहा. आत पूर्वीचं गवत, बाहेर लगेच शेत. आता पायाकडे बघा. गवतातून शेतात उतरताना पाऊल खाली पडतं. आयोवा आणि आसपासच्या राज्यांत संशोधकांनी अशा गवताळ तुकड्यांची आणि शेजारच्या शेतांची उंची मोजली, तेव्हा शेतं साधारण सव्वा फुटाने खाली भरली. गवत वर उचललं गेलेलं नाही. शेत खाली गेलं आहे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या नांगरटीत एवढी माती वाऱ्याने, पाण्याने आणि उतारावरून खाली सरकत गेली. मला आयोवाबद्दल कुणी एकच गोष्ट दाखवायला सांगितली तर मी मक्याचं शेत दाखवणार नाही, हा उतार दाखवीन. त्यावर दोन-तीनदा चढा-उतरा. गुडघ्याला जाणवेल इतका तो खरा आहे.

माती गेली, आता पाणी. हिमनदीने सपाट करून ठेवलेल्या उत्तरेकडच्या शेतांत पावसाचं पाणी तुंबून राही. पेरणीची वेळ निघून जायची तरी वाफसा येत नसे. म्हणून शेतकऱ्यांनी तीन-चार फूट खोल भाजलेल्या मातीचे नळ पुरले. आता तिथे भोकांचे प्लॅस्टिक पाइप असतात. वरून काही दिसत नाही, पण शेताखाली नळांचं आणखी एक शेत आहे. कान लावा. पाणी झिरपतंय, नळातून चरात, चरातून रॅकून नदीत. सोबत खतांचा आणि मातीतला नायट्रेट. राजधानीचं शहर याच रॅकूनचं आणि डे मॉइन नदीचं पाणी पितं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटरूपी नायट्रोजनची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम. ती पाळता यावी म्हणून शहराला 1990च्या दशकापासून नायट्रेट काढणारा खास प्रकल्प चालवावा लागतो. 2015मध्ये शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांवर, म्हणजे जिल्ह्यांवर, खटला भरला. 2017मध्ये तो फेटाळला गेला. शहरात न अडलेला नायट्रेट पुढे मिसिसिपीतून थेट मेक्सिकोच्या आखातात जातो. तिथे दर उन्हाळ्यात समुद्राचा एक मोठा पट्टा प्राणवायूवाचून गुदमरतो.

आता पीक. जुलैतल्या मक्याच्या दोन ओळींमध्ये उभे राहा. पात डोक्याच्या वर, पानांच्या कडा दंडावर चरे काढतात, तुऱ्यांचे पराग घामावर चिकटतात, दमट हवा हलत नाही. सुमारे सव्वा कोटी एकरांवर हेच. मक्यात आयोवा देशात पहिला. भाजलेलं कणीस आणि मीठ-लिंबू मनात आलं असेल तर ते बाजूला ठेवा. हा मका माणसांनी खायचा नाही. निम्म्याहून जास्त इथेनॉलच्या कारखान्यांत जातो, पेट्रोलमध्ये मिसळायला. उरलेल्यातला बराचसा जनावरांना, मुख्यतः डुकरांना. माणसं 32 लाख आणि डुकरं सव्वादोन कोटींच्या वर. ती लांबलचक बंद शेडांत असतात, म्हणून मैलोन्‌मैल गाडी हाकली तरी एकही दिसत नाही, वास येतो.

बियाणंही इथे राहत नाही. हेन्री वॉलेस यांनी 1926मध्ये संकरित मक्याची कंपनी काढली. ते पुढे अमेरिकेचे कृषिमंत्री आणि उपराष्ट्राध्यक्ष झाले. संकरित दाणा घरी ठेवून पेरला तर पहिल्यासारखं पीक येत नाही, दरवर्षी नवीन बियाणं विकत घ्यावं लागतं. त्या बियाण्यासाठी मादी ओळींचे तुरे खुडावे लागतात. ते काम उन्हाळी सुट्टीत शाळकरी पोरं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. याच राज्यात क्रेस्को गावाजवळ 1914 साली कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग जन्मले. त्यांनी सुरू केलेला जागतिक अन्न पुरस्कार डे मॉइनला दिला जातो आणि 1998मध्ये तो जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला. भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून त्यांनी महिको ही बियाणं कंपनी उभी केली होती. संकराची ती विद्या आणि दरवर्षी बियाण्याच्या दुकानात जायची सवय, दोन्ही आपल्या ओळखीच्या आहेत.

माणसांचंही पाहू. 1980च्या दशकात व्याजदर चढले, जमिनीचे भाव 1981 ते 1986मध्ये जवळपास दोन तृतीयांशाने कोसळले, तारण पुरेना, शेतांचे लिलाव झाले. मुलं शहरात गेली ती गेलीच. अनेक काउंट्यांत 1900 साली होती त्याहून आज वस्ती कमी आहे. मग मांस कारखान्यांच्या गावांत दुसरी माणसं आली, मेक्सिको-ग्वाटेमालातून, लाओसमधून. 2008च्या मे महिन्यात पोस्टव्हिल नावाच्या छोट्या गावात बिनापरवाना स्थलांतरितांसाठी सरकारी धाड पडली आणि जवळपास 400 कामगार एका दिवसात पकडले गेले.

राहिले कोण? मेस्क्वाकी. सरकारने 1840च्या दशकात या मूळ रहिवाशांना कॅन्ससला हाकललं. त्यांच्यातले काही परत आले आणि 1857मध्ये टामा काउंटीत आयोवा नदीकाठी 80 एकर जमीन 1000 डॉलर मोजून विकत घेतली. जी आपलीच होती ती. या वाक्यापाशी हवा तेवढा वेळ थांबा. त्यांचे वंशज आजही तिथेच आहेत आणि जमीन वाढून काही हजार एकर झाली आहे.

शेवटी एका शेतकऱ्याच्या जागी बसायचं आहे. एम्सच्या आयोवा स्टेट विद्यापीठाने दाखवून दिलं आहे की, शेताचा योग्य जागी निवडलेला दहावा हिस्सा जुन्या गवताच्या पट्ट्यांना दिला तर वाहून जाणारी माती 95 टक्क्यांपर्यंत थांबते. पण तुम्ही कसता ती जमीन तुमची नाही. राज्यातली निम्म्याहून जास्त शेतजमीन खंडाने दिलेली आहे. मालक बहुधा पासष्टीच्या पुढचे, काही तर दुसऱ्याच राज्यात राहायला गेलेले. 1 सप्टेंबरपर्यंत मालकाची नोटीस आली की पुढच्या 1 मार्चला शेत सोडायचं. गवताची पट्टी नीट लागायला तीन वर्षं जातात, तोवर ती तणच दिसते, आणि खंड मात्र पहिल्या वर्षापासून पुऱ्या एकरांचा द्यायचा. मक्याचा भाव, बँकेचा हप्ता, शेजारी काय म्हणेल, सगळं डोळ्यांपुढे येऊ द्या. फेब्रुवारी आहे. गवताचं बी मागवायचं असेल तर आताच मागवायला हवं.