जेवढे मोजले तेवढेच अंक



आपली मुले शाळेत सार्थ अंक शिकतात. खोलीची लांबी ४.३ मीटर आणि रुंदी २.१७ मीटर मोजली, तर कॅल्क्युलेटर क्षेत्रफळ ९.३३१ दाखवतो. पण लांबीचे दोनच अंक भरवशाचे आहेत, म्हणून उत्तर ९.३ चौरस मीटर असे लिहायचे. गुणाकाराने ज्ञान वाढत नाही. सर्वांत कच्चे मोजमाप जेवढे पक्के, तेवढेच उत्तर पक्के.

मुलांना हा गुण कापण्याचा नियम वाटतो. मला तो चौथ्या शीलाचा, मुसावादा वेरमणीचा, धडा वाटतो. ९.३३१ या गुणाकारात चूक नाही. मात्र तो आकडा न बोलता एक दावा करतो की, 'मी इतके बारीक मोजले आहे.' तो दावा खोटा आहे.

मज्झिम निकायातील चंकी सुत्तात भगवान बुद्ध सत्याचे रक्षण कसे करावे ते सांगतात. 'माझी अशी श्रद्धा आहे' एवढेच म्हणणारा सत्य जपतो. त्यावरून 'हेच खरे, बाकी सारे खोटे' असा निष्कर्ष त्याने काढू नये.

आता आपलेच आकडे पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात किती जणांनी दीक्षा घेतली? कुणी तीन लाख सांगतो, कुणी पाच लाख. गर्दीचा आकडा अंदाजाचा असतो, म्हणून 'काही लाख' म्हणणे प्रामाणिक. त्याने त्या दिवसाची थोरवी तसूभरही कमी होत नाही.

२०११ च्या जनगणनेत भारतात ८४,४२,९७२ बौद्ध नोंदले गेले. ही मोजणी आहे, तरी कोणत्याही जनगणनेत काही माणसे सुटतातच. म्हणून बोलताना 'सुमारे ८४ लाख' पुरे. अनेक बौद्धांची नोंद बौद्ध म्हणून झालीच नाही, असे आपल्याला वाटत असेल तर तेही जरूर सांगा, पण आपले मत म्हणून. 'जनगणनेनुसार एक कोटी' म्हणू नका. परदेशात आपला एक फुगवलेला आकडा उघडा पडला, की अत्याचाराचे खरे आकडेही लोक संशयाने पाहतात.

याची दुसरी बाजूही आहे. हाती असलेले अंक टाकून देणे हीसुद्धा ज्ञानाची हानीच. म्हणूनच गणितात मधल्या पायऱ्यांवर अंक राखून ठेवतात आणि शेवटीच पूर्णांकन करतात. जास्त नाही, कमीही नाही: मध्यम मार्ग इथेही लागू पडतो.

पुढच्या वेळी आकडा सांगण्याआधी स्वतःला विचारा: यातले किती अंक मला खरोखर ठाऊक आहेत?

नमो बुद्धाय! जय भीम!