मागून आणलेली गाडी

समजा, तुम्ही ओळखीच्या कुणाकडून एखादी वस्तू मागून आणलीत. तुमच्याकडे असताना ती मोडली. तुम्ही ती स्वतः खपून दुरुस्त केलीत, काम इतकं नीट झालं की पाहणाऱ्याला काही कळणारही नाही. आता परत देताना 'ही मोडली होती' असं सांगायला हवं का? की वस्तू पहिल्यासारखी झाली म्हणजे हिशेब संपला?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो पेट्रोलच्या टाकीच्या झाकणामुळे. माझी गाडी गॅरेजमध्ये अडकली होती, म्हणून इथल्या, हॅमिल्टनमधल्या, एका मराठी काकांनी त्यांची जास्तीची गाडी दोन आठवड्यांसाठी दिली. जपानमध्ये वापरून मग न्यूझीलंडला आलेली, वीस वर्षांहून जुनी गाडी. अशा गाड्या इथे पावलोपावली दिसतात. फ्रँकटनमधल्या पंपावर पेट्रोल भरायला थांबले. इथे बहुतेक ठिकाणी आपलं पेट्रोल आपणच भरायचं असतं. सीटजवळचा खटका ओढला, मागे जाऊन बाहेरचं झाकण उघडलं, तर ते सरळ हातातच आलं. आतलं फिरकीचं झाकण शाबूत होतं, त्यामुळे पेट्रोल सांडायची भीती नव्हती. बाहेरच्या झाकणाचं काम धूळ-पाणी अडवायचं आणि कुणी सहज टाकीपर्यंत पोचू नये एवढंच. पण गाडीच्या कुशीला पडलेलं ते चौकोनी भगदाड मला घरी येईपर्यंत आरशात दिसत राहिलं.

घरी येऊन नीट पाहिलं. झाकणाला गाडीशी जोडणारा वाकडा प्लास्टिकचा दांडा मधोमध तुटला होता. आणि तुटलेल्या दोन्ही टोकांवर पिवळट पडलेल्या गोंदाचा थर होता. म्हणजे हा दांडा पूर्वीही एकदा तुटला होता, कुणीतरी तो चिकटवला होता. दांड्याच्या आतल्या बाजूला 'पीपी' अशी खूण होती. ती पॉलिप्रॉपिलीनची. या प्लास्टिकवर साधा गोंद टिकत नाही; अळवावरच्या पाण्यासारखी त्याची गत होते. चिकटल्यासारखा दिसतो, आणि एक दिवस सोलून निघतो.

मी तो गोंद खरवडला. दांड्याच्या पाठीवर ॲल्युमिनियमची पातळ पट्टी बसवली, तुटीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं पाडून बारीक नट-बोल्टनं आवळली. झाकण उघडल्यावर उघडं ठेवणारी छोटी स्प्रिंग परत जागेवर घातली. अर्धा रविवार गेला. झाकण बंद केल्यावर बाहेरून काडीचाही फरक दिसत नव्हता.

आणि मग मनात आलं, कशाला सांगायचं?

यामागे कारणं होती, आणि ती अगदीच फालतू नव्हती. पहिलं, चूक माझी नव्हती. तुटलेलंच तुटलं होतं. दुसरं, वस्तू आता पूर्वीपेक्षा मजबूत होती. तिसरं, सांगितलं तर काका 'अगं राहू दे गं' म्हणणार, काकू जेवून जा म्हणणार, आणि माझ्या मनावरचं ओझं मी त्यांच्या दारात ठेवून आले असं होणार. पुष्कळदा आपण खरं सांगतो ते दुसऱ्याला गरज असते म्हणून नाही, आपल्याला हलकं वाटावं म्हणून.

यातलं पहिलं कारण आपल्या परंपरेला ओळखीचं आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत 'उपनिधी' नावाचं प्रकरण आहे. पेटीत बंद करून, आत काय आहे ते न सांगता विश्वासानं सोपवलेली वस्तू म्हणजे उपनिधी. ती जशीच्या तशी परत द्यायची. राजानं नेली, दैवानं गेली किंवा चोरानं पळवली, तर ठेवून घेणाऱ्यावर भरपाई नाही. पुढे हाच नियम मागून आणलेल्या वस्तूलाही लावला आहे. या स्मृतीवर विज्ञानेश्वरानं 'मिताक्षरा' लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणमध्ये, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी. हिंदू वारसा कायद्यामुळे तिचं नाव तुम्ही ऐकलं असेल. या हिशेबानं माझं झाकण 'दैवा'च्या खात्यात गेलं असतं आणि मी सुटले असते.

पण कशातून? भरपाईतून. सांगण्यातून नव्हे. या दोन गोष्टी आपण नेहमी एकात एक मिसळतो. 'माझी चूक नाही' हे 'मला पैसे द्यायची गरज नाही' याचं उत्तम कारण आहे. 'मला सांगायची गरज नाही' याचं ते कारणच नाही.

गंमत म्हणजे भारतीय करार कायदा, 1872, याच्या 150व्या कलमात सांगण्याची जबाबदारी आहे, पण ती वस्तू देणाऱ्यावर. वस्तूत त्याला ठाऊक असलेला, वापरात मोठी अडचण किंवा धोका आणणारा दोष असेल, तर तो त्यानं घेणाऱ्याला सांगितला पाहिजे. पुढच्याच कलमात घेणाऱ्याची जबाबदारी येते. ती काळजीची आहे: शहाण्यासुरत्या माणसानं स्वतःची तशी वस्तू जितकी जपली असती तितकी ही जपावी. तो कायदा न्यूझीलंडला लागू नाही, आणि टाकीच्या झाकणासाठी कुणी कोर्टात जात नाही. पण या दोन कलमांशेजारी मला माझी परिस्थिती ठेवता आली. मी काळजी घेतली होती. आणि मी गाडी परत देणार त्या क्षणी तिच्यातला दोष ठाऊक असलेली व्यक्ती मी होते. जाणत्याची जागा बदलली होती.

मला पटलं ते असं. आपली वस्तू आपली असते म्हणजे नुसती ती आपल्या दारात उभी असते असं नाही. तिच्या खोडी आपल्याला माहीत असतात. कुठलं दार जरा उचलून लावावं लागतं, कुठला आवाज घाबरण्यासारखा आणि कुठला नाही, हे ज्ञान मालकीचाच भाग आहे. मी झाकण गुपचूप दुरुस्त करून दिलं असतं, तर गाडी परत गेली असती आणि तिच्याबद्दलचं थोडं ज्ञान माझ्याकडे राहिलं असतं. म्हणजे मी पूर्ण गाडी परत केलीच नसती.

प्रयोगशाळेत हे आम्ही रोज पाळतो. सामाईक उपकरणाचा एखादा भाग बदलला, की शेजारच्या वहीत तारीख घालून लिहायचं. चूक कबूल करण्यासाठी नाही, तर पुढच्या माणसाचं मोजमाप बिघडलं तर त्यानं कुठे पाहायचं ते कळावं म्हणून. गोंद लावणाऱ्या त्या अज्ञात माणसाचा मला राग आला होता तो याचसाठी. त्यानं चिकटवलं यात काही वावगं नव्हतं. त्याच्या न सांगण्यामुळे पंपावर मी स्वतःला धांदरट ठरवून मोकळी झाले. आता मी त्याच गोंदावर गप्प राहण्याचा दुसरा थर चढवायला निघाले होते.

आणि खरं कारण? ते वरच्या तीनांत नव्हतंच. 'हिला गाडी दिली की काहीतरी मोडतं' असं काकांना वाटेल, ही भीती होती. परदेशात आपलं बरंचसं जगणं असल्या मागून आणण्यावर चालतं: विमानतळावर न्यायला गाडी, बाळाचा पाळणा, पाहुण्यांसाठी गाद्या. ती दारं बंद होतील म्हणून आपण छोट्या गोष्टी झाकतो. पण ती दारं उघडी राहतात, कारण देणाऱ्याला खात्री असते की काही झालं तर आपल्याला कळेल. मी ज्याच्या भीतीनं गप्प बसणार होते, तेच माझ्या गप्प बसण्यानं पोखरलं जाणार होतं.

तरीही 'ओझं दारात ठेवण्या'चा मुद्दा खोटा नाही. त्यामुळे काय सांगायचं हे मी आधी ठरवलं. माफीचं पाल्हाळ नाही. काय तुटलं, कशानं बांधलंय, बोल्ट कधी तपासायचे, आणि झाकण जोरात मागे ढकलायचं नाही. एवढंच. ऐकणाऱ्याला वापरता येईल असं.

काकांनी ऐकलं, झाकण दोनदा उघडबंद करून पाहिलं, पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "अगं, तो गोंद माझाच. म्हटलं, दोन आठवड्यांसाठी तुला काय सांगायचं!"

मग त्यांनी ग्लव्हबॉक्समधली सर्व्हिसची वही काढली आणि मागच्या पानावर झाकणाचं लिहिलं. पेन हातात होतंच, तर मागची काच पूर्ण खाली केली की अडकते, हेही लिहिलं. आणि ब्रेकचा दिवा कधीकधी उगाच लागतो म्हणाले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "काका, तेवढं मात्र आधी सांगायला हवं होतं."