जुन्या वायरीचा धूर

मिक्सर जळाला, पंखा बंद पडला, की पारोळ्यासारख्या गावात तो भंगारवाल्याच्या गाडीवर जातो. त्यात गैर काय, चार पैसे मिळतात आणि वस्तूही वाया जात नाही, असं कोणी म्हणेल. ते बऱ्याच अंशी खरं आहे. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम हाच माणूस परत कारखान्याच्या वाटेला लावतो. अडचण पुढे आहे. तांबं झटपट हाती यावं म्हणून वायरीवरचं प्लॅस्टिक जाळतात. त्या काळ्या धुरात डायऑक्सिनसारखी विषं असतात आणि तो आधी जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. सीएफएल दिव्याला तर भंगारातही किंमत नाही. तो कचऱ्यात फुटतो आणि त्यातला काही मिलिग्रॅम पारा मोकळा होतो.

“तालुक्याच्या गावात सोय कुठे?” हा प्रश्न रास्त आहे. पण दिवे, बॅटऱ्या अशा घातक घरगुती कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला किमान एक संकलन केंद्र उभारावं, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनीच स्थानिक संस्थांना सांगितलं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. म्हणजे मागणी करायला आधार आहे. नगरपालिकेने घंटागाडीत वेगळी पेटी ठेवावी आणि भंगारवाल्यांना नोंदणीकृत कारखान्यांशी जोडून द्यावं. त्यांची रोजीरोटी बुडवून हे काम होणार नाही. तोवर दिवा न फोडता खोक्यात जपावा, आणि वायर जाळणार नाही, सोलूनच विकेन, एवढं भंगारवाल्याकडून कबूल करून घ्यावं. सोललेल्या तांब्याला जळक्यापेक्षा भावही चांगला मिळतो.