सही जुळत नाही

बँकेत मला बावीस वर्षे झाली. या काळात मी लक्षावधी सह्या तपासल्या, शेकडो चेक 'सही जुळत नाही' असा शेरा मारून परत पाठवले, आणि घरी येऊन निर्धास्त झोपलो. स्वतः खोटी सही करण्याचा प्रसंग मात्र माझ्यावर कधी आला नव्हता. तो गेल्या डिसेंबरात आला. रात्री साडेअकरा वाजता, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहून, मी एका खातेदाराची सही हुबेहूब उतरवली. खातेदाराचे वय आठ वर्षे. ती आतल्या खोलीत गाढ झोपली होती आणि नात्याने माझी मुलगी लागत होती. सही चेकवर नव्हती, कागदाच्या चांदणीवर होती. म्हणजे पोलीस येण्याची भीती नव्हती. तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही ती नाहीच.

आता हा गुन्हा घडला कसा, ते सांगतो.

आमच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सगळी बिल्डिंग त्यांना 'टीचरआजी' म्हणते. त्यांची स्वतःची नातवंडे पुण्याला. म्हणून डिसेंबर लागला की त्या आमची गोळा करतात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी गच्चीच्या कठड्यावर चांदण्या लागल्या पाहिजेत आणि त्या मुलांनीच केलेल्या असल्या पाहिजेत, असा त्यांचा दंडक. बर्डीवर प्लॅस्टिकच्या चांदण्या ढिगाने मिळतात, पण त्यांचे नाव काढले तरी टीचरआजींच्या चेहऱ्यावर गणित चुकल्याचा भाव येतो.

आमचे नाना जुन्या वळणाचे. मला वाटले, 'आपल्यात नाताळ कधीपासून?' असे विचारतील. पण 'स्मृतिचित्रे' त्यांनी इतक्या वेळा वाचले आहे, की रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई ही त्यांना लांबच्या नात्यातली माणसे वाटतात. "टिळक इथे नागपुरातच आप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांचं काम करत होते, ठाऊक आहे का?" एवढे मला ऐकवून ते नातवंडांबरोबर स्वतःच वर गेले, आणि खळ मैद्याची करावी की कणकेची, यावर टीचरआजींशी तासभर बोलून आले.

टीचरआजींचा नियम एकच. मोठ्यांनी फक्त चाकू आणि गॅस सांभाळायचा. म्हणजे कामट्या तासून द्यायच्या आणि खळ शिजवून द्यायची. पुढे हात लावायचा नाही. कामट्या आणण्याचे काम माझ्याकडे आले. त्या मी इतवारीतून आणल्या. कामठीहून आणायच्या का, हा विनोद मी घरात तीनदा केला आणि तिन्ही वेळा कोणी हसले नाही.

चांदणीची रचना तशी सोपी आहे. पाच सारख्या कामट्या एकमेकींवरून आडव्या टाकून पाच टोके बांधली की एक चांदणी होते. अशा दोन करायच्या, टोकाला टोक बांधायचे आणि मधल्या पाच सांध्यांत बोटभर काड्या अडकवायच्या, म्हणजे तिचे पोट फुगते. वरून पतंगी कागद. नागपुरात संक्रांतीचा पतंग डिसेंबरातच मुलांच्या डोक्यात शिरलेला असतो, त्यामुळे कागदाला तोटा नाही.

आमचे चिरंजीव वय वर्षे पाच. ते चांदणीच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांनी संत्र्याच्या सालींतून बिस्किटाच्या साच्याने छोट्या चांदण्या पाडल्या आणि दोऱ्यात ओवल्या. नागपुरात त्या दिवसांत संत्री मुबलक आणि खाणारेही मुबलक, तेव्हा कच्च्या मालाची ददात नव्हती. तीन दिवसांनी साली वाळून आत वळल्या आणि चांदण्यांच्या जागी वाळके कान लोंबू लागले. चिरंजीवांचा अभिमान तसूभरही कमी झाला नाही. मी तिथे काहीच केले नाही, कारण वाळलेली साल सरळ करता येत नाही. करता आली असती, तर तीही केली असती. हे लक्षात असू द्या.

मुलीची चांदणी मात्र सरळ करता येण्यासारखी होती. तिथेच घात झाला. एक टोक उंदराच्या शेपटासारखे लांब, एक बसके, दोन एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले. कागदाला सुरकुत्या. त्यावर निळ्या स्केचपेनने तिने स्वतःचे नाव लिहिले होते, आणि त्या नावाची शिरोरेषा मंदीतल्या शेअरबाजारासारखी घसरत गेली होती. चांदणी वाळायला म्हणून रात्री आमच्या ओट्यावर ठेवली होती. मी पाणी प्यायला उठलो. तिच्याकडे पाहिले. आणि माझ्या मनात आले, "जरा नीट करून ठेवू. तिला बरं वाटेल."

जगातल्या बहुतेक लबाड्यांची सुरुवात 'तिला बरं वाटेल' या वाक्याने होत असावी. खरे म्हणजे मला डोळ्यांपुढे दिसत होते चोवीस तारखेची संध्याकाळ, गच्चीवर जमलेली बिल्डिंग, आणि 'ही कोणाची?' असे विचारणारे पहिल्या मजल्यावरचे इंजिनिअर गृहस्थ. मी गाठी सोडल्या, फूटपट्टीने मापे घेतली, टोके पुन्हा बांधली, नवा कागद ताणून लावला. सुरेख चांदणी झाली. फक्त जुन्या कागदाबरोबर नाव गेले होते. मग बावीस वर्षांचा अनुभव कामी आला. घसरती शिरोरेषा, मधेच फुगलेले अक्षर, सगळे मी डाव्या हाताने असे उतरवले, की आमच्या शाखेतल्या कोणीही तो चेक डोळे मिटून पास केला असता.

सकाळी मुलगी ओट्यापाशी आली. बराच वेळ पाहत राहिली.

"माझी कुठे आहे?"

"हीच की! वाळल्यावर कशी छान झाली बघ."

ती काही बोलली नाही. रडली असती तर बरे झाले असते. रडणाऱ्या मुलाला समजावण्याचा मला सराव आहे. ती दप्तर घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी शाळेत चित्र काढून न्यायचे होते. तिने वही आणि रंगपेटी माझ्यापुढे आणून ठेवली. "बाबा, तुम्हीच काढा. मला नाही येत, तुमचं छान येतं."

आमची सौ. पोळ्या लाटत होती. तिने माझ्याकडे नुसते पाहिले. त्या बघण्याला बँकेच्या भाषेत 'ऑडिट' म्हणतात.

योगायोग पाहा. त्याच आठवड्यात आमच्या काउंटरवर एक वृद्ध पेन्शनर आले. बरोबर चाळिशीचा मुलगा. म्हाताऱ्या बोटांना कंप सुटलेला. सही केली ती नमुन्याशी जुळेना. दुसरी केली, ती पहिलीशीही जुळेना. तिसऱ्या वेळी पेनच निसटले. मुलगा पुढे होऊन हळूच म्हणाला, "साहेब, मीच करून देऊ का? बाबूजींपेक्षा माझीच जास्त जुळते."

मी ताडकन म्हणालो, "अहो, असं कसं चालेल? वाकडीतिकडी असली तरी सही त्यांचीच पाहिजे!" आणि पुढे ऐटीत व्याख्यानही दिले. खऱ्या माणसाच्या दोन सह्या तंतोतंत एकसारख्या कधी नसतात; एकीवर एक ठेवून बरोबर जुळली, तर उलट संशय घ्यावा. हात हलतो, कारण तो हात जिवंत असतो. मग मी आमच्या अधिकाऱ्यांना बोलावले, त्यांनी ओळख पटवली, समोर सही करून घेतली, पैसे दिले. बाबूजींनी नोटा दोनदा मोजल्या आणि जाताना मुलाला म्हणाले, "पाह्यलं? मले अजून येते सही."

मी पुढचा टोकन नंबर पुकारायचा विसरलो. रांगेतून आवाज आला, "काय करून राह्यले साहेब?" काय सांगणार? मी आपल्याच तोंडून निघालेले व्याख्यान ऐकत होतो.

आता यावर कोणी म्हणेल, मग मुलांना मदतच करायची नाही की काय? मीही स्वतःच्या बचावासाठी हा मुद्दा घासूनपुसून ठेवला होता. नानांनी मला पाटीवर 'श्री' शिकवला तो माझा हात धरूनच. तो 'श्री' नानांचा की माझा? त्यांनी केली तर मदत आणि मी केली तर लबाडी, हा कुठला न्याय?

पण बस थांब्यावर उभा असताना माझ्या मुद्द्यातली हवा निघून गेली. नानांनी धरलेल्या हातात माझा हात होता. पेन्सिल मला टोचत होती, वळण माझ्या मनगटाला कळत होते. मी चांदणी सरळ केली तेव्हा मुलीचा हात पांघरुणात होता. फरक एवढाच, आणि सगळा फरक एवढाच. आमच्या नागपुरात तान्हा पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून आणतात. काही बैल इतके मोठे असतात, की ते बापालाच ओढावे लागतात. पण तो बैल पोराने कोरला, असे कोणी सांगत नाही. बापाची हौस बापाच्या नावावर जमा होते. माझी हौस मी मुलीच्या खात्यात टाकली होती, आणि तिच्या खात्यातून जे वजा झाले ते चित्रकलेच्या वहीवर दिसले होते.

संध्याकाळी मी तिच्यापाशी बसलो. "ती चांदणी मी केली. तुझं नावसुद्धा मीच लिहिलं. चुकलं माझं."

"मला माहीत होतं."

"कसं?"

"माझ्या 'र'ला एवढी शेपटी नसते."

बावीस वर्षांचा अनुभव, आणि आठ वर्षांच्या खातेदाराने एका नजरेत चेक परत केला!

आम्ही दोघे वर गेलो. टीचरआजी रागावल्या नाहीत. गणिताचे शिक्षक उत्तर चुकल्यावर रागावत नाहीत, रीत दाखवा म्हणतात. "सोडा ती चांदणी. तिला पुन्हा बांधू दे. आणि तुम्ही तुमची करा. फूटपट्टी मिळणार नाही." रूसो नावाच्या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १७६२ साली 'एमिल' या ग्रंथात मुलांना चित्रकला शिकवण्याची अशीच युक्ती सांगितली आहे. शिक्षकाने मुलाशेजारी बसून त्याच्याइतकेच वाईट चित्र काढायचे आणि दोघांनी मिळून सुधारत जायचे. सगळ्यांत वाईट चित्राला सोनेरी चौकट, सुधारत जाईल तशी चौकट साधी! या रूसोने स्वतःची पाचही मुले अनाथाश्रमात सोडली ही गोष्ट वेगळी. पण युक्ती चांगली आहे. माझ्या बाबतीत तर वाईट काढण्याचे नाटकही करावे लागले नाही. फूटपट्टीशिवाय माझी चांदणी अशी झाली, की मुलगी पोट धरून हसली. मग तिने माझे एक टोक धरले, मी तिचे धरले.

तिची चांदणी पहिल्यासारखीच वाकडी झाली. टीचरआजींनी कोनमापक काढला. "आता पाचही टोकांचे कोन मोज आणि बेरीज कर." बेरीज आली एकशे त्र्याऐंशी. "पुन्हा मोज." आता बँकेत तीन रुपयांचा फरक शोधायला मी रात्री नऊपर्यंत बसलेलो माणूस, माझ्या अंगात उत्साह संचारला. एका टोकाशी कोनमापक तिरका धरला गेला होता. एकतीस, बेचाळीस, अडतीस, एकोणतीस, चाळीस. एकशे ऐंशी! मग माझी मोजली. ती तर हिच्याहून वाकडी. बेरीज एकशे ऐंशी. दुकानातल्या नीटस चांदणीचा प्रत्येक कोन छत्तीस अंशांचा, म्हणजे तिचीही एकशे ऐंशीच. पाच सरळ कामट्यांची चांदणी कितीही वेडीवाकडी बांधा, टोकांची बेरीज तेवढीच येते. का, ते टीचरआजींनी त्रिकोण दाखवून समजावले. मुलीला समजले, मला पटले.

"नाताळची एक प्रसिद्ध चांदणी गणिताच्या तासालाच जन्मली आहे," त्या म्हणाल्या. जर्मनीत नीस्की नावाच्या गावी मोरेवियन पंथाची शाळा होती. १८३० च्या सुमारास तिथल्या मुलांना भूमितीचा धडा म्हणून कागदाच्या अनेक टोकांच्या चांदण्या करायला लावीत. पुढे त्यांचा कारखाना निघाला आणि त्या जगभर गेल्या. "पहिल्या काही वाकड्याच झाल्या असतील," असे म्हणून टीचरआजींनी कोनमापक डब्यात ठेवला.

चोवीस तारखेला गच्चीवर गार वारा होता. मोहननगरच्या बाजूला घराघरांवर उजेड दिसत होता. आमच्या कठड्यावर चांदण्या लागल्या, त्यांच्यामधून संत्र्याचे कान लोंबत होते. पहिल्या मजल्यावरचे इंजिनिअर आलेच. "ही जरा वाकडी आहे. कोणाची?"

"माझी!" मुलगी ओरडली. इतक्या मोठ्याने, की चिरंजीव दचकले.

"आणि ही तर फारच वाकडी..."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलीने स्केचपेन काढले. "थांबा बाबा, यावर नाव राहिलं. तुमचं अक्षर चांगलं नाही, मी लिहिते." आणि माझ्या चांदणीवर तिने तिच्या अक्षरात, घसरत्या शिरोरेषेसह लिहिले: बाबा.

सही माझी नव्हती. नमुन्याशी कुठेच जुळत नव्हती. पण मी ती पास केली.