ब्लॉक मिळाला का?

गोंदिया–डोंगरगड या ८४ किलोमीटरच्या टप्प्यात चौथा रेल्वेमार्ग टाकायला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी मंजुरी दिली. सालेकसा तालुक्यातलं दरेकसा याच टप्प्यात येतं. पुढचं स्थानक बोरतलाव, ते छत्तीसगडात. मधे डोंगर, जंगल आणि बोगदा. अशा कामाचं नियोजन आता सॉफ्टवेअरमध्ये होतं. भूसंपादन, वनखात्याची परवानगी, मातीकाम, पूल, सिग्नल अशा प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी, आणि एक संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही हे सांगणारे बाण.

चालू रुळांलगत काम करणाऱ्यांच्या तोंडी मात्र वेगळाच प्रश्न असतो: ब्लॉक मिळाला का? मुंबईकरांना रविवारचा मेगाब्लॉक माहीत आहे. नवा मार्ग जुन्याला जोडायचा किंवा विजेच्या तारा सरकवायच्या, तर ठरावीक तास गाड्या थांबवाव्या लागतात. माणसं, यंत्रं, सामान सगळं हजर असलं तरी तेवढ्याने भागत नाही. रूळ मोकळा मिळायला हवा.

कामाचं चित्र काढायची कल्पना रेल्वेत फार आधी आली. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर स्थानकं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८५ साली पॅरिस–लिआँ मार्गाचा असा आलेख छापला. रेघ जितकी उभी तितकी गाडी वेगवान. आडवी झाली की गाडी उभी.  आपल्याकडच्या रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातला सेक्शन कंट्रोलर पुढे कित्येक दशकं पट्टी-पेन्सिलीने असाच चार्ट भरत आला. आता तो संगणकाच्या पडद्यावर असतो.

कारखान्यांतही असं चित्र आलं, पण रूळ मागेच राहिला. पोलंडच्या कारोल आदामियेत्स्कीने १८९६ मध्ये आणि अमेरिकेच्या हेन्री गँटने १९१०च्या दशकात कामांचे तक्ते मांडले. १९५७ च्या सुमारास ड्युपाँट कंपनीसाठी मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी ‘क्रिटिकल पाथ’ शोधला, म्हणजे कामांची अशी साखळी, की तिच्यात एक दिवस उशीर झाला तर सगळा प्रकल्प एक दिवस लांबतो. पाठोपाठ अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ ही तशीच नियोजनाची पद्धत आली. प्रायमाव्हेरा (१९८३) आणि मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट (१९८४) यांनी तेच गणित टेबलावर आणून ठेवलं. गणित चोख होतं. पण त्याच्या मूळ रूपात ‘अ’नंतर ‘ब’ एवढंच कळायचं. ‘अ’ आणि ‘क’ दोघांना एकच क्रेन एकाच दिवशी हवी आहे, हे पाहण्याची सोय त्याला मागाहून जोडावी लागली.

एकेरी मार्गावर रेल्वेने हा प्रश्न लोखंडी गोळ्याने सोडवला होता. नीलच्या टोकन यंत्राची जोडी दोन स्थानकांत बसवलेली आणि तारांनी बांधलेली असते. एका वेळी दोहोंपैकी एकाच यंत्रातून एकच गोळा बाहेर येतो. तो हातात पडल्याशिवाय चालक गाडी पुढे नेत नाही, आणि पुढच्या स्थानकात तो यंत्रात परत गेल्याखेरीज दुसरा निघत नाही.

टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी रुजवलेलं कानबानचं कार्डही याच जातीचं: कार्ड नाही तर माल बनवायचा नाही. ही कल्पना सॉफ्टवेअर कंपन्यांत शिरली आणि २०११ मध्ये आलेल्या ट्रेलोसारख्या साधनांतून घरोघरी पोचली. वाटेत तिचा कणा मात्र मोडला. फळ्यावरच्या ‘चालू कामे’ या रकान्यात कुणीही हवी तितकी कार्डं सरकवतो. एका वेळी तीनच, ही मर्यादा घालण्याची तसदी फारच थोडे घेतात. यंत्राने अडवलं नाही की माणूस स्वतःला अडवत नाही. बोगद्यात सात गाड्या घुसवून वर प्रत्येकीची टक्केवारी रंगवावी, तसा हा प्रकार.

दरेकशाजवळ हे चालायचं नाही. हावडा–मुंबई मार्गावरच्या प्रवासी गाड्या आणि मालगाड्या इथूनच जातात. काम चौथ्या मार्गाचं असलं, तरी जोडणीच्या दिवशी जुने मार्ग अडवावेच लागतील. एखादी मालगाडी रेंगाळली की चार तासांचा ब्लॉक अडीचवर येतो. सॉफ्टवेअरमध्ये त्या पट्टीवर लाल रंग चढतो आणि नाव लागतं कंत्राटदाराचं. ती मालगाडी दिसते ती कंट्रोलच्या चार्टवर, आडव्या रेघेत.